विळाचोच

अंगणातून आमच्या म्हाताऱ्याचं हसणं ऐकू आलं तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. मी मळता मळता थांबले. हसणं पुन्हा आलं, आणि त्याच्या पाठोपाठ पाहुण्या रेनाटेचं, जरासं खोकल्यासारखं.

माझी नणंद कुलिपा खिडकीशी चहा घेऊन बसली होती. नदीच्या खालच्या अंगाला तिचं घर. अर्धा तास चालून ती माझ्याकडे येते, आणि पाहुणे असले की येतेच येते.

"झूरा, ऐकलंस? माझा भाऊ हसतोय."

"कान आहेत मला, वन्सं."

"सुंतेच्या दिवशी त्याला काळं शिंगरू मिळालं होतं. तेव्हासुद्धा हसला नव्हता मेला." तिने पडदा बोटभर सरकवला. "अगं बाई! हात पसरून उडून दाखवतोय तिला. साठी उलटली आणि आता गरुड झालाय!"

मी कणीक परातीत आपटली.

"आपट, आपट," कुलिपा म्हणाली. "रोट्या दगडासारख्या होऊ देत. तिचे दात तरी हलतील."

आम्ही दोघी हसलो. पण मी हसले ती वरवर.

सारी-जल्गाच्या दरीत आमचं घर शेवटचं. त्यानंतर फक्त कुरणं, देवदारांचं रान आणि बर्फ. म्हातारा तरुणपणी सामुदायिक शेताची मेंढरं राखायचा. तेव्हा राजधानीतले एक संशोधक दोन उन्हाळे इथे तंबू ठोकून राहिले होते. त्यांची जाळी वाहता वाहता हा पक्ष्यांची लॅटिन नावं शिकला. पुढे मेंढरं गेली, शेत गेलं, ते संशोधकही गेले, नावं तेवढी याच्या डोक्यात राहिली. बारा वर्षांपूर्वी शहरातल्या एका कचेरीने डोंगरात चालायला आणि पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी आमच्या चार खोल्या यादीत घातल्या, तेव्हा ती कामी आली. मे ते जुलै माणसं येतात. पहाटे उठतात, गळ्यात दुर्बिणी अडकवतात आणि म्हाताऱ्यामागून चढ चढू लागतात. मी त्यांच्या पिशव्यांत रोट्या, साय आणि उकडलेली अंडी भरून देते आणि ती परत येईपर्यंत रात्रीचं जेवण रांधते. बारा वर्षांत ते कुठे जातात ते मी पाहिलेलं नव्हतं. कुणी चल म्हटलं नव्हतं.

रेनाटे पूर्व जर्मनीतली. शाळेत शिकवायची, आता निवृत्त. तिच्या भागात तेव्हा सगळ्या मुलांना रशियन शिकावंच लागे, आणि म्हातारा सैन्यात असताना रशियन शिकलेला. त्यामुळे बाकीच्या पाहुण्यांशी तो हातवाऱ्यांनी बोलायचा, हिच्याशी तोंडाने. माझी रशियन दुकानातली, मीठ-साखरेपुरती.

पाच जून झाले, ती येत होती. एकटीच यायची, दहा दिवस राहायची. आणि त्या दहा दिवसांत माझ्या घरात एक परका माणूस वावरायचा, तो म्हणजे माझा नवरा.

एरवी हा माणूस बोलतो किती? 'मीठ.' 'गाय बांधली?' 'वारा फिरला.' झालं. रेनाटे आली की जेवणाच्या टेबलावर बर्फातला उलार पक्षी कसा ओरडतो ते करून दाखवायचा. दाढीवालं गिधाड हाड उंचावरून खडकावर कसं टाकतं, हे सांगताना त्याने एकदा माझी बशी फोडली. रोज संध्याकाळी पायरीवर बसून तिच्या बुटांना मेंढीची चरबी चोळायचा. दोन्ही बूट, टाचेपासून नाकापर्यंत, मन लावून. माझे रबरी बूट तीन वर्षं गळत होते.

आणि नाव! आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तेहतीस वर्षं मी त्याला 'अहो' म्हणते, चारचौघांत 'आमचा म्हातारा'. ही बाई दिवसातून पन्नास वेळा म्हणायची: ओस्मोनाली, थांब. ओस्मोनाली, ते काय? ओस्मोनाली, तू पाहिलंस? आणि तो 'ओ' द्यायचा.

त्यात वावगं काही नव्हतं, हे मला माहीत होतं. वावगं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

*

रेनाटेला एकच पक्षी हवा होता. दुसऱ्या वर्षी तिने जेवताना पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं होतं. राखी अंग, काळं तोंड, छातीवर काळा पट्टा, आणि लांब लाल चोच, विळ्यासारखी खाली वळलेली. म्हातारा त्याला विळाचोच म्हणायचा. दगडगोट्यांच्या नदीपात्रात राहतो, दगडांतलाच एक होऊन बसतो, फार थोड्यांना दिसतो, असं तो सांगत होता. त्याने स्वतः तरुणपणी एकदा दुरून उडताना पाहिला होता, आणि तोही विळाचोचच होता की नाही याबद्दल त्याच्या मनात शंका होती.

मी शोरब्याचं भांडं ठेवायला वाकले आणि चित्र पाहिलं. माझ्या तोंडून "अगं बाई, हा तर" एवढं निघालं.

"काय म्हणते ती?" रेनाटेने विचारलं.

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला म्हणाला, "तिचं सोड. तिला कोंबडीशिवाय पक्षी माहीत नाही."

दोघं हसले. एवढी रशियन मला कळते.

मी भांडं ठेवलं, डाव ठेवला आणि आत गेले. बोलणार होते ते गिळलं. ते चार वर्षं पोटात राहिलं.

कारण तो पक्षी मला ठाऊक होता. आमच्या घरापासून खाली पाऊण तासावर नदी एका कड्याला वळसा घालते. त्या वळणावर गरम पाण्याचा झरा आहे. दगडांची भिंत रचून त्याचं टाकं केलंय. तो बायकांचा झरा. माझ्या सासूच्या सासूपासून तिथे बायकाच आंघोळीला जातात. बाळंतिणी जातात, सांधे धरलेल्या म्हाताऱ्या जातात. पुरुष त्या वळणाला लांबून वळसा घालतात, मेंढरंसुद्धा तिकडून नेत नाहीत. झऱ्यापुढे नदीचं रुंद, गोट्यांचं पात्र आहे आणि त्या पात्रात दर उन्हाळ्यात विळाचोचाची जोडी असते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायचं आणि भिंतीतल्या फटीतून बघायचं. एखादा दगड डोळा उघडतो. मग उठून चालू लागतो, आणि लाल चोच दगडांखाली खुपसून किडे काढतो.

पाहुणे सगळे वर जायचे. म्हातारा सगळ्यांना वरच न्यायचा. त्याने विळाचोच तीन दऱ्यांत शोधला. दर जूनमध्ये तो हात हलवत परत यायचा, आणि दर जूनमध्ये मला मनातून, कसं सांगू, गुदगुल्या व्हायच्या. तुमच्याकडे दुर्बिणी आहेत, पुस्तकं आहेत, एकमेकांची नावं आहेत. माझ्याकडे पक्षी आहे.

*

सहाव्या वर्षी ती आली तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही. केस मेंढी कातरल्यासारखे आखूड, कपडे अंगावर लोंबणारे. चढावर दर वीस पावलांना थांबायची. तरी म्हाताऱ्याने घोडा काढला आणि खिंडीपलीकडच्या दरीत दोन दिवसांसाठी तिला घेऊन गेला. तिथे विळाचोच असल्याचं त्याला कुणा मेंढपाळाने सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले ते गारांनी झोडपलेले. घोड्यावर ती, पायी तो. उतारावर त्याचा गुडघा मुरगळला होता, सुजून दुधी भोपळ्याएवढा झाला होता. पक्षी दिसला नव्हता.

रेनाटे खोलीत जाऊन झोपली. म्हातारा पायरीवर बसला. मी गुडघ्याला गरम फडकं बांधत होते, तर वरून माझ्या हातावर थेंब पडला. मी मान वर केली. हा माणूस रडत होता.

"तिचं हे शेवटचं वर्ष आहे," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय. ती पुन्हा नाही यायची. आणि मला तिला एक पक्षी दाखवता येईना."

मी गाठ मारली. जरा जास्तच घट्ट मारली असेन, तो कळवळला.

पित्ताशयाच्या दुखण्याने मी जिल्ह्याच्या दवाखान्यात सतरा दिवस होते. तेव्हा हा एकदा आला होता. सफरचंदांची पिशवी घेऊन आला, खाटेशी बसला आणि अर्धा तास गवत कापायला किती माणसं लागतील ते बोलला. मी त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते सगळं मला त्या पायरीवर आठवलं. मरणाच्या दारात असलेल्या बाईचा मला हेवा वाटला. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी हेवाच वाटला.

*

सकाळी म्हाताऱ्याला पाय टेकवेना. रेनाटे स्वयंपाकघरात आली, बटाट्यांची टोपली ओढून सोलायला बसली. तिची बोटं निळी पडली होती.

"थंडी?" मी विचारलं.

"आत. हाडांत," ती म्हणाली.

मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. "चल. गरम पाणी. बायकांचं."

मी तिला आंघोळीलाच नेत होते. आजही कुणी विचारलं तर मी असंच सांगते. दोन टॉवेल घेतले, साबण घेतला. तिने सवयीने दुर्बीण गळ्यात घातली, तेव्हा मीच म्हटलं, "ती नको, भिजेल."

उताराची वाट होती, हळूहळू गेलो. टाक्याशी आम्ही कपडे काढले. तिची डावी छाती नव्हती. तिथे आडवा, गुलाबी व्रण होता. तिने लपवलं नाही, मीही नजर काढली नाही. पाण्यात उतरताना मी हात पुढे केला, तिने तो धरला. तिचं वजन माझ्या तळहातावर आलं तेव्हा कळलं, कुलिपाच्या नातीचंसुद्धा याहून जास्त असेल.

आम्ही गळ्यापर्यंत बसलो. तिने डोळे मिटून डोकं मागे पाण्यात टेकवलं. चेहऱ्यावर रंग येऊ लागला. आणि पलीकडून शीळ आली, लागोपाठ चार-पाच, काचेवर चमचा वाजवावा तशी.

तिने ऐकली नाही. कानांपर्यंत पाणी होतं.

अजूनही मला गप्प बसता आलं असतं. खरं सांगते, मी बसलेही. आणखी एक शीळ होईपर्यंत बसले. पाण्यात तिची बोटं पसरली होती, अजून निळसरच होती. मग मी तिचे खांदे धरून तिला फिरवलं आणि तिचं तोंड भिंतीतल्या फटीला लावलं.

"काय आहे?" ती म्हणाली. "दगड आहेत."

"थांब."

दगड उठला. चार पावलं चालला. लाल चोच उन्हात चमकली. त्याच्यामागून अक्रोडाएवढी दोन पिल्लं धडपडत आली, मग तिसरं, आणि बऱ्याच वेळाने चौथं.

तिने माझं मनगट धरलं आणि नखं रुतवली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पिल्लं पाण्याच्या काठाने वर सरकली, मोठा पक्षी मागोमाग गेला आणि पात्रात पुन्हा नुसते दगड उरले.

मग ती वळली. डोळे वाहत होते. "ओस्मोनालीला सांगू या," ती म्हणाली. आणि बोलता बोलता थांबली. शिक्षिका होती ती. पोरांचं खोटं पकडण्यात तिची उमर गेली होती. "झूराकान, तू शोधलं नाहीस. तू सरळ इथे आणलंस. तुला माहीत होतं."

मी पाण्याकडे बघत होते.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"चार वर्षं," ती हळू आवाजात म्हणाली. "चार वर्षं तू मला रोज शोरबा वाढलास. मी पुस्तक उघडून चित्र दाखवायचे आणि तू शोरबा वाढायचीस."

"हो."

"का?"

दुकानातल्या रशियनमध्ये याला उत्तर नव्हतं. मी आठवून आठवून शब्द जुळवले. "तू त्याचं नाव घेतेस," मी म्हटलं. "तो हसतो. माझ्याशी नाही हसत."

ती पाण्याबाहेर आली. ओल्या अंगावरच कपडे चढवले, गुंड्या वरखाली लावल्या. वाटेभर माझ्यापुढे चालली, दर वीस पावलांना थांबत, पण मी पुढे केलेला हात तिने धरला नाही.

निघायच्या दिवसापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. म्हाताऱ्यालाही काही सांगितलं नाही. गाडी आली तेव्हा तिने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. मग माझ्यापाशी आली, जरा उभी राहिली आणि माझ्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक सरळ केलं. एवढंच. गाडी गेली.

*

पाहुण्यांनी दोन शब्द लिहायची वही दिवाणखान्यात असते. म्हाताऱ्याला जर्मन येत नाही. पण संध्याकाळी तो लंगडत वही घेऊन स्वयंपाकघरात आला आणि टेबलावर ठेवली. त्याच्या बोटाखाली विळाचोचाचं लॅटिन नाव होतं, पुढे आकडे, एक आणि चार, आणि त्यापुढे माझं नाव.

"कुठे?" त्याने विचारलं.

"बायकांच्या झऱ्यावर."

"कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

तो खुर्चीवर बसला. "तीन दऱ्या," तो म्हणाला. "हा गुडघा. आणि तू इथे बसून मजा बघत होतीस?"

"तुम्ही तिला काय सांगितलंत आठवतं? हिला कोंबडीशिवाय पक्षी माहीत नाही."

"मी असं म्हटलं?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. तेच जास्त लागलं. चार वर्षं मी ते वाक्य जिवंत ठेवलं होतं आणि याने ते बोलून टाकून दिलं होतं.

त्याने उशी उचलली आणि पाहुण्यांच्या खोलीत झोपायला गेला. आठवडाभर घरात 'मीठ'सुद्धा ऐकू आलं नाही. पण मत्सर त्यालाही झोपू देईना, हे मला दिसत होतं. आठव्या दिवशी मी गाय पिळत होते, तर मागे येऊन उभा राहिला.

"पाय कसले आहेत? लाल?"

"लाल."

गेला. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून: "नर-मादी दोघं पिल्लं सांभाळतात का?"

"दोघं."

"पुस्तकात तसं नाही लिहिलेलं," तो म्हणाला. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी मी पाच वर्षं रेनाटेकडे बघत आले होते. मला त्याचं सुख व्हायला हवं होतं. झालंही, थोडंसं.

दहाव्या दिवशी मी घोड्यावर खोगीर घातलं. "चला."

"तिथे पुरुष जात नाहीत."

"मी वाटेवर उभी राहते."

मी त्याला कड्यापर्यंत नेलं आणि फट कुठे आहे ते सांगितलं. तो आत गेला, मी वाटेवर घोडा धरून उभी राहिले. थोड्याच वेळात वरून कुलिपा आली, तिच्या दोन सुना आणि नात घेऊन. खांद्यांवर टॉवेल.

"थांबा वन्सं. आत पुरुष आहे."

"कोण?"

"तुमचा भाऊ."

कुलिपाने माझ्याकडे बघितलं, मग सुनांकडे, आणि वाटेवर मांडीच घातली. "शंभर वर्षं इथे बायका पुरुषांना अडवत आल्या. आणि तू आम्हालाच अडवतेस?"

"पक्षी बघतोय."

"बघू दे," ती म्हणाली. "तरुणपणी इथे डोकावला असता तर मीच डोळे फोडले असते. आता फक्त पक्षीच दिसायचे त्याला."

सुना रुमालाआड हसत होत्या. तास गेला. तो बाहेर आला तेव्हा टोपी हातात होती आणि नजर खाली. बहिणीपुढून, भाचसुनांपुढून तसाच गेला. पण मी त्याचा चेहरा पाहिला. लग्नात माझा बुरखा वर केला तेव्हा तो चेहरा असा असेल, असं मी एकेकाळी समजत होते. मी तेव्हा खाली बघत होते, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही.

घराकडे येताना तो म्हणाला, "रेनाटेला कळवायला हवं. मीही पाहिला म्हणून."

फोनला रेंज लागते ती फक्त घरामागच्या टेकाडावर. संध्याकाळी तो निघाला. गुडघा धड नव्हता, म्हणून मीही निघाले. वर पोचून त्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला.

"झोपली असेल," तो म्हणाला. तिकडे तेव्हा भर दुपार असते हे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी घंटासुद्धा वाजली नाही. त्याने फोन खिशात ठेवला आणि दगडावर बसला. मी शेजारी बसले. खाली दरीत सावली भरत होती.

मग तो एकाएकी बोलायला लागला. "आधी काही दिसतच नाही. नुसते दगड. आणि मग त्यातला एक दगड उठतो," तो म्हणाला, आणि मला दाखवायला हात उंचावला, बोट खाली वळवलं. चोच केवढी असते, रंग कसा असतो, पिल्लं कशी मागोमाग येतात, सगळं सांगू लागला. मधेच हसलाही.

मी एकदाही म्हटलं नाही की मला माहीत आहे. "मग?" असं विचारत राहिले.